लघुपल्ल्याचे बिनतारी संदेशवहन व संवेदक जाळी : संशोधनाची वाटचाल

पावसाळ्यात डोंगरउतार खचण्यापूर्वी मातीतील पाण्याचा दाब वाढू लागतो. पुलाच्या रचनेत दोष निर्माण झाला, की गाडी जाताना होणाऱ्या त्याच्या कंपनांचे स्वरूप बदलते. द्राक्षवेलीवर केवडा रोग दिसू लागण्याआधी पाने बराच काळ ओली राहिलेली असतात. हे बदल डोळ्यांना दिसत नाहीत आणि प्रत्येक उतारावर, प्रत्येक पुलाखाली वा प्रत्येक बागेत अहोरात्र माणूस उभा करणे शक्य नसते. हे काम लहान, स्वस्त व परस्परांशी बिनतारी संपर्क ठेवणाऱ्या उपकरणांकडे सोपविता येईल काय, हा प्रश्न गेली सुमारे तीन दशके जगभरातील विद्यापीठांमध्ये अभ्यासला जात आहे. त्यातून ‘बिनतारी संवेदक जाळे’ ही स्वतंत्र संशोधनशाखा उभी राहिली. या शाखेची पार्श्वभूमी, तिची मूलतत्त्वे, प्रत्यक्ष प्रयोगांतून मिळालेले धडे आणि भारतातील कार्य यांचा हा आढावा.

संवेदक जाळे म्हणजे काय?

तापमान, आर्द्रता, प्रकाश, कंपन, दाब किंवा ताण यांसारख्या राशीचे विद्युतसंकेतात रूपांतर करणाऱ्या साधनास संवेदक अर्थात सेन्सर म्हणतात. अशा संवेदकाला एक छोटा मायक्रोप्रोसेसर, थोडी स्मृती, एक रेडिओ आणि बॅटरी जोडली की जाळ्यातील एक घटक तयार होतो. या घटकास ‘नोड’ किंवा ‘मोट’ असे म्हटले जाते. इंग्रजीत मोट म्हणजे धुळीचा कण.

प्रत्येक नोडच्या रेडिओचा पल्ला काही मीटरपासून फार तर शंभर-दोनशे मीटरपर्यंत असतो. त्यामुळे दूरच्या नोडने केलेली नोंद शेजारच्या नोडकडे, तेथून पुढच्या नोडकडे अशी टप्प्याटप्प्याने मुख्य केंद्रापर्यंत पोहोचते. आग विझविताना माणसांची रांग लावून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे द्याव्यात, तसाच हा प्रकार होय. रांगेतील एखादा गळाला तर उरलेल्यांनी आपसांत नवी रांग लावून घेणे, हे या जाळ्याचे वैशिष्ट्य मानले जाते.

पूर्वपीठिका

अल्प अंतरावरील विद्युतचुंबकीय लहरींच्या अभ्यासात भारताचे स्थान आरंभापासून आहे. १८९० च्या दशकात कोलकाता येथील प्रेसिडेन्सी कॉलेजात आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी अवघ्या काही मिलिमीटर तरंगलांबीच्या लहरी निर्माण करून त्यांच्यावर प्रयोग केले. पुढे जगाचे लक्ष दीर्घ पल्ल्याच्या रेडिओकडे वळले. मिलिमीटर लहरींचा लघुपल्ल्याच्या दळणवळणासाठी व्यापक वापर होण्यास मात्र शतकाहून अधिक काळ जावा लागला.

अनेक रेडिओंनी एकच वारंवारता वाटून कशी वापरावी, या प्रश्नाचे पहिले ठळक उत्तर १९७१ साली हवाई विद्यापीठातील नॉर्मन अब्रॅमसन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘अलोहा’ जाळ्याने दिले. संदेश तयार होताच पाठवावा व टक्कर झाल्यास थोड्या वेळाने पुन्हा पाठवावा, असा त्याचा साधा नियम होता. या पद्धतीत वाहिनीच्या क्षमतेपैकी जास्तीत जास्त सुमारे १८ टक्केच उपयोगात येते आणि वेळेचे समान तुकडे पाडल्यास हे प्रमाण सुमारे ३७ टक्के होते, असे गणिताने सिद्ध झाले. ते जाळे बेटांना जोडणारे व दीर्घ पल्ल्याचे होते. परंतु संदेशांची टक्कर आणि ती टाळण्याची किंमत हा त्यातून पुढे आलेला विषय संवेदक जाळ्यांच्याही केंद्रस्थानी आहे.

१९९० च्या दशकात संवेदक, प्रोसेसर व रेडिओ हे तिन्ही लहान आणि स्वस्त झाले. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात विल्यम कायझर व ग्रेगरी पॉटी यांनी बिनतारी एकात्मिक संवेदकांवर काम सुरू केले. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात क्रिस्टोफर पिस्टर यांनी ‘स्मार्ट डस्ट’ म्हणजे बुद्धिमान धुळीची संकल्पना मांडली. एक घन मिलिमीटर आकारात संवेदक, संगणक व संदेशवहन सामावावे, असे तिचे उद्दिष्ट होते. या संशोधनास अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेचे अर्थसाहाय्य लाभले. कारण रणभूमीवर नजर ठेवणे हा तिचा मूळ हेतू होता. बर्कलीतच डेव्हिड कलर यांच्या गटाने २००० साली ‘टायनीओएस’ ही अत्यल्प स्मृतीत चालणारी प्रणाली प्रसिद्ध केली आणि ती सर्वांना खुली ठेवली. त्यामुळे जगातील अनेक विद्यापीठांना हे संशोधन आपल्या प्रयोगशाळेत सुरू करता आले.

ऊर्जेचे गणित

या शाखेतील बहुतेक सर्व प्रश्न बॅटरीपाशी येऊन थांबतात. २००० च्या दशकाच्या मध्यास विद्यापीठांमध्ये सर्वत्र वापरला जाणारा ‘टेलोस’ हा नोड उदाहरणादाखल घेऊ. त्याची कार्यस्मृती केवळ १० किलोबाइट होती, त्याचा रेडिओ सेकंदाला २५० किलोबिट या वेगाने चाले आणि रेडिओ चालू असताना एकूण सुमारे २० मिलिअँपिअर विद्युतप्रवाह लागे. भिंतीवरील घड्याळात वा टॉर्चमध्ये घालतात तशा दोन पेन्सिल सेलची क्षमता सुमारे २५०० मिलिअँपिअर-तास धरली, तर रेडिओ सतत चालू ठेवल्यास ती १२५ तासांत, म्हणजे साधारण पाच दिवसांत संपते. हाच रेडिओ शंभर क्षणांपैकी केवळ एक क्षण चालू ठेवला तर सरासरी वापर ०.२ मिलिअँपिअरवर येतो आणि तेच सेल गणिताने सुमारे १७ महिने पुरतात.

या हिशेबातील आणखी एक बाब सामान्य समजुतीस छेद देते. अशा रेडिओला बोलण्याइतकाच विद्युतप्रवाह ऐकण्यासाठीही लागतो. टेलोसच्या रेडिओला तर ऐकताना किंचित अधिकच लागे. कोणीही बोलत नसताना कान देऊन बसणे हाच ऊर्जेचा सर्वांत मोठा अपव्यय ठरतो. त्यामुळे नोडला झोपविणे आणि नेमक्या वेळी जागे करणे ही या शाखेतील मुख्य विद्या बनली.

पल्ला लहान का ठेवायचा, याचेही उत्तर ऊर्जेतच आहे. मोकळ्या अवकाशात लहरींची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. परंतु जमिनीलगत ठेवलेल्या अँटेनांच्या बाबतीत ती अंतराच्या चौथ्या घातापर्यंत घटू शकते. अशा वेळी शंभर मीटरची एक उडी घेण्याऐवजी दहा मीटरच्या दहा उड्या घेतल्यास हवेत सोडावी लागणारी एकूण ऊर्जा हजारपटीने कमी होते. अर्थात प्रत्येक टप्प्यावर ऐकण्याचा व प्रक्रियेचा खर्च नव्याने सोसावा लागतो. त्यामुळे टप्पे कितीही वाढविणे फायद्याचे नसते. हा समतोल साधणे हे रचनाकाराचे कौशल्य होय.

बोलण्याचे नियम

नोड कधी झोपावेत व कधी जागावेत, याचे नियम ठरविणाऱ्या कार्यपद्धतींना प्रोटोकॉल म्हणतात. २००२ साली वेई ये, जॉन हाइडमन व डेबोरा एस्ट्रिन यांनी मांडलेल्या ‘एस-मॅक’ मध्ये शेजारी नोड ठरलेल्या वेळापत्रकानुसार एकत्र जागे होत. २००४ च्या ‘बी-मॅक’ मध्ये वेळापत्रकाची गरज नव्हती. ऐकणारा नोड मधूनमधून क्षणभर कानोसा घेई आणि पाठविणारा त्यापूर्वी पुरेसा लांब पूर्वसंकेत देई.

माहिती कोणत्या मार्गाने न्यावी, हा दुसरा प्रश्न. २००० साली ‘डायरेक्टेड डिफ्यूजन’ या पद्धतीने नोडच्या पत्त्याऐवजी माहितीच्या प्रकारास महत्त्व दिले. ‘अमुक क्रमांकाच्या नोडचे तापमान सांगा’ असे न विचारता ‘तापमान अमुक अंशांच्या वर कोठे गेले आहे?’ असे जाळ्यालाच विचारावे, ही त्यामागील कल्पना. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन व हरी बालकृष्णन यांनी ‘लीच’ ही पद्धत मांडली. तीत नोडचे गट पडतात आणि गटप्रमुखाचे दमविणारे काम आळीपाळीने प्रत्येकाकडे जाते.

तिसरा प्रश्न घड्याळांचा. स्वस्त स्फटिकांवर चालणारी घड्याळे हळूहळू एकमेकांपासून दूर सरकतात आणि भूकंपलहर कोणत्या नोडपाशी आधी पोहोचली, हे सांगायचे तर सर्वांची वेळ जुळलेली असणे अनिवार्य असते. २००२ पासून त्यावर अनेक उपाय सुचविले गेले. २०११ साली स्वित्झर्लंडमधील झुरिच येथील ईटीएच संस्थेच्या ‘ग्लॉसी’ या पद्धतीने तर प्रचलित समजच उलटा केला. सर्व नोडनी एकच संदेश अगदी एकाच क्षणी पुढे पाठविला, तर टक्करीने तो नष्ट होत नाही, तर जाळ्यात वेगाने पसरतो आणि घड्याळेही मायक्रोसेकंदाहून कमी फरकाने जुळतात, असे त्यांनी दाखविले.

संशोधनाबरोबर मानकेही घडत गेली. एरिक्सन कंपनीत १९९४ साली सुरू झालेल्या कामातून ब्लूटूथ जन्मास आले. कमी ऊर्जेच्या जाळ्यांसाठी २००३ साली आयईईई ८०२.१५.४ हे मानक प्रसिद्ध झाले आणि झिगबी ही प्रणाली त्यावर उभी राहिली. २००७ साली इंटरनेटचे संदेश या छोट्या रेडिओंवरून नेण्याची पद्धत निश्चित झाली. कमी ऊर्जेचे ब्लूटूथ २०१० साली आले. भारतात २००५ साली २.४ गिगाहर्ट्झ आणि ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हे पट्टे कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त करण्यात आले. त्यामुळे विद्यापीठांना व उद्योगांना असे प्रयोग प्रयोगशाळेबाहेर करणे सुलभ झाले.

प्रयोगशाळेबाहेरचे धडे

कागदावर सुबक दिसणारी जाळी रानावनात कशी वागतात, हे कळण्यास पुढील दशक खर्ची पडले. २००२ च्या उन्हाळ्यात बर्कलीच्या संशोधकांनी अमेरिकेतील मेन राज्याच्या किनाऱ्यालगत ग्रेट डक बेटावर ३२ नोड बसविले. तेथे बिळात घरटी करणारे स्टॉर्म पेट्रेल हे समुद्रपक्षी माणसाच्या वावराने बिथरतात व घरटी सोडून देतात. बिळात ठेवलेल्या नोडमुळे पक्ष्यांना त्रास न देता तेथील हवामान मोजता आले.

प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ‘झेब्रानेट’ प्रकल्पात २००४ साली केनियातील एम्पाला संशोधन केंद्राच्या परिसरात झेब्र्यांच्या गळ्यात पट्टे बांधण्यात आले. तेथे मनोरे नव्हते. दोन झेब्रे जवळ आले की पट्टे आपसांत नोंदींची देवाणघेवाण करीत. संशोधकाच्या गाडीला काही मोजके झेब्रे भेटले तरी इतरांचीही माहिती हाती लागावी, अशी ही रचना होती.

२००५ साली हार्वर्ड विद्यापीठातील मॅट वेल्श यांच्या गटाने इक्वेडोरमधील रेव्हेंतादोर या जागृत ज्वालामुखीवर १६ नोड १९ दिवस चालविले. त्यातून एक धडा मिळाला. डोंगरावरील नोडपेक्षा पायथ्याशी असलेल्या केंद्राचा खंडित वीजपुरवठा हीच मोठी अडचण ठरली. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर ६४ नोडचे जाळे उभारण्यात आले. त्यात माहितीला ४६ टप्प्यांपर्यंत प्रवास करावा लागे. या कामाचा अहवाल २००७ साली प्रसिद्ध झाला.

यशाइतकेच अपयशही नोंदविले गेले, ही या शाखेची जमेची बाजू. नेदरलँड्समधील डेल्फ्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी बटाट्याच्या शेतात करपा रोगाच्या पूर्वसूचनेसाठी सुमारे शंभर नोड बसविले. अपेक्षित माहितीपैकी अवघी दोन टक्के हाती आली. २००६ साली त्यांनी आपल्या चुका प्रांजळपणे लिहून प्रसिद्ध केल्या. स्वतंत्रपणे नीट चालणारे प्रणालीचे भाग एकत्र आल्यावर परस्परांना बाधक ठरले होते आणि पुरेशी पूर्वचाचणी झालेली नव्हती. पुढील अनेक गटांनी हा अहवाल मार्गदर्शक मानला.

भारतातील संशोधन

भारतीय संस्थांनी आरंभापासून शेती, रेल्वे व आपत्ती या देशाच्या गरजांकडे लक्ष दिले. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेने स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रसंस्थेच्या सहकार्याने ‘कॉमनसेन्स नेट’ हा प्रकल्प हाती घेतला. कर्नाटकातील पावगड तालुक्यातील चेन्नकेशवपुर या अवर्षणप्रवण गावात अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या गरजा आधी जाणून घेण्यात आल्या व नंतर जमिनीतील ओल मोजणारे नोड बसविण्यात आले.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. उदय देसाई व प्रा. एस. एन. मर्चंट यांच्या गटाने ‘अ‍ॅग्रिसेन्स’ प्रकल्पात नाशिकच्या द्राक्षबागेत माती व हवामानाच्या नोंदी घेणारे जाळे उभारले. याच संस्थेतील संशोधकांचा सहभाग असलेल्या ‘सेनस्लाइड’ या प्रणालीचा आराखडा २००५ साली मांडण्यात आला. एखादे महागडे उपकरण बसविण्याऐवजी खडकात ताणमापक असलेले अनेक स्वस्त नोड पेरावेत आणि एखाद-दुसरा निकामी झाला तरी उरलेल्यांनी दरड सरकत असल्याची सूचना द्यावी, असा तिचा विचार होता. २२ जून २००३ रोजी कोकण रेल्वेवर वैभववाडीनजीक दरडीमुळे झालेल्या भीषण अपघाताच्या पार्श्वभूमीवर या विचाराचे मोल महाराष्ट्राला वेगळे सांगावयास नको.

कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत असताना भास्करन रमण व कामेश्वरी चेब्रोलू यांनी रेल्वे पुलांसाठी ‘ब्रायमॉन’ ही प्रणाली विकसित केली व २००८ साली ती प्रसिद्ध केली. पुलावरील नोड एरवी झोपलेले असतात. गाडी जवळ येत असल्याची चाहूल रेडिओवरून लागताच ते जागे होतात, पुलाची कंपने नोंदवितात आणि ती माहिती जाणाऱ्या गाडीवरच चढवून देतात. निर्जन ठिकाणच्या पुलापाशी स्वतंत्र केंद्र उभारण्याची गरज त्यामुळे उरत नाही. जी वस्तू पुलाला हादरविते तीच त्याचा निरोप घेऊन जाते, ही कल्पकता उल्लेखनीय आहे.

केरळात मुन्नार येथील अँथोनियार कॉलनीच्या उतारावर अमृता विद्यापीठाने डॉ. मनीषा रमेश यांच्या नेतृत्वाखाली भूस्खलन सूचना प्रणाली उभारली. जमिनीत खोलवर पुरलेले संवेदक पाण्याचा दाब, ओल, कंपन व उताराची हालचाल मोजतात. ही माहिती लघुपल्ल्याच्या रेडिओवरून जवळच्या केंद्राकडे आणि तेथून दूरसंपर्काने विद्यापीठाकडे जाते. याच विद्यापीठाने पुढे सिक्कीममध्येही अशी प्रणाली बसविली.

टीका व मर्यादा

२००८ साली रमण व चेब्रोलू यांनी एका शोधनिबंधात या शाखेचीच परखड समीक्षा केली. प्रत्यक्ष उपयोगाचा विचार न करता केवळ संगणकीय अनुकरणावर आधारलेले प्रोटोकॉल मोठ्या संख्येने मांडले जात आहेत, खऱ्या गरजांना पुष्कळदा साधी रचनाच पुरते, असे त्यांचे म्हणणे होते. विमानातून हजारो नोड विखुरण्याचे चित्र संशोधनपत्रांत वारंवार येई. प्रत्यक्ष उभारणीत मात्र काही डझन नोड, तेही हाताने व विचारपूर्वक बसविलेले असत.

दुसरी मर्यादा रेडिओलहरींच्या स्वभावात आहे. रेडिओचा पल्ला वर्तुळाकार असतो, हे पाठ्यपुस्तकातील गृहीतक मैदानात टिकत नाही. पालवी, ओलसर भिंत, मानवी शरीर किंवा धातूचा पत्रा यांमुळे संकेत दुबळा होतो. कोविड साथीच्या काळात याची सार्वत्रिक प्रचिती आली. भारतात एप्रिल २०२० मध्ये आलेल्या आरोग्य सेतूसह अनेक देशांच्या अ‍ॅपनी ब्लूटूथच्या साहाय्याने निकटसंपर्क ओळखण्याचा प्रयत्न केला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील संशोधकांनी त्याच वर्षी ट्राममध्ये चाचणी घेतली असता धातूच्या डब्यात संकेताच्या तीव्रतेवरून अंतर ओळखणे विश्वसनीय नसल्याचे आढळले. माणसे कोणाच्या जवळ वावरतात, याची नोंद कोणाकडे व किती काळ राहावी, हा खासगीपणाचा प्रश्नही याच काळात ठळकपणे पुढे आला.

आजची स्थिती

‘बुद्धिमान धूळ’ हा शब्दप्रयोग आता क्वचितच ऐकू येतो. पण त्या संशोधनाची फळे रोजच्या वापरात आहेत. ८०२.१५.४ च्या रेडिओवर घरगुती उपकरणांची ‘थ्रेड’ ही जाळी चालते आणि २०२२ साली आलेले ‘मॅटर’ हे मानक तिचा उपयोग करते. ठरलेल्या वेळी ठरलेली वारंवारता बदलत संदेश पाठविण्याची पद्धत २०१२ साली मानकात समाविष्ट झाली व तिने कारखान्यांतील विश्वासार्हतेचा प्रश्न बराच सोडविला. काही किलोमीटर पल्ल्याच्या, परंतु अत्यंत मंद गतीच्या ‘लोरा’ सारख्या रेडिओंमुळे शेतीत अनेक टप्प्यांच्या जाळ्याची गरज कमी झाली आहे. दुसऱ्या टोकास, वॉशिंग्टन विद्यापीठात श्याम गोल्लाकोटा, जोशुआ स्मिथ व सहकाऱ्यांनी २०१३ साली बॅटरीविना संदेशवहन करून दाखविले. दूरचित्रवाणीच्या हवेत असलेल्याच लहरी परावर्तित करून दोन उपकरणे परस्परांशी बोलली.

तरीही मूळ प्रश्न संपलेला नाही. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण, १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी आणि ३० जुलै २०२४ रोजी केरळातील वायनाड येथे डोंगर कोसळून माणसे गाडली गेली. उतारावरील जाळे त्या एकाच उतारावर पहारा ठेवू शकते आणि धोक्याचे उतार तर असंख्य आहेत. म्हणून पर्जन्यमानावर आधारित विभागीय पूर्वानुमान आणि निवडक उतारांवरील संवेदक यांची सांगड घालणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०२४ साली कोलकाता येथे राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्र सुरू केले, ते यातील पहिल्या कामासाठी.

जाळ्याने दिलेली सूचना गावातील शेवटच्या घरापर्यंत पोहोचणे, तिच्यावर लोकांचा विश्वास बसणे व मध्यरात्रीच्या पावसात घर सोडून जावयास सुरक्षित जागा असणे, या गोष्टी रेडिओच्या कक्षेबाहेरच्या आहेत. खोट्या इशाऱ्यांनी विश्वास ढळतो आणि न मिळालेल्या इशाऱ्याने जीव जातो. तेव्हा इशाऱ्याची मर्यादा कोठे आखावी, हा निर्णय अभियंते, प्रशासन व ग्रामस्थ यांनी एकत्र बसून घ्यावयाचा आहे. दोन पेन्सिल सेल किती दिवस पुरतील, या प्रश्नापासून सुरू झालेले हे संशोधन आज त्या टप्प्यावर येऊन ठेपले आहे.